प्राणी क्रमांक एकवीस

हरणाबाईंची नोंद मी प्राणी म्हणून केली, आणि ती शाईनं केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी ‘देवदत्तराव, तुम्ही असं कसं केलंत’ म्हणून डोळे मोठे करायला नकोत. ज्यानं एकतीस वर्षं सरकारी नोंदवही सांभाळली नाही, त्यानं मला अक्कल शिकवू नये. मी मूळचा वाईचा. आमच्याकडं वाण्याची यादीसुद्धा खाडाखोड न करता लिहितात.

म्हसवडहून आटपाडीकडं जाताना मधल्या माळावर आमचं मेंढी संशोधन केंद्र लागतं. लागतं असं आपलं म्हणायचं, एसटी तिथं थांबत नाही. केंद्रात मुख्य लिपिक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई ही तिन्ही पदं मी एकटाच भरतो. फाटकावर धुळा नावाचा पहारेकरी असतो. आणि तीन वर्षांपूर्वी तिथं डॉ. अश्लेषा आल्या. सांगलीच्या, वय चौतीस, नेमणूक कंत्राटी. प्रकल्प आहे तोवर त्या आहेत, प्रकल्प संपला की त्यांची नोकरीही संपली. विषय होता, वातावरणाचा ताण मेंढीच्या शरीरावर काय परिणाम करतो. ऊन वाढलं की श्वास किती वाढतो, ताप किती चढतो, आणि रक्तातलं कॉर्टिसॉल किती वाढतं. जीव घाबराघुबरा झाला की हे कॉर्टिसॉल वाढतं म्हणे.

विषय चांगला होता. माझा राग विषयावर नाही, इमारतीवर आहे. मंजूर आराखड्यात दोन खोल्या होत्या, एक उष्णकक्ष आणि एक शीतकक्ष. उष्णकक्षात हीटर लावून चाळीस अंश तापमान करायचं होतं. मे महिन्यात आमच्या माळावर त्रेचाळीस असतं. शीतकक्षाचे एसी लोणंदहून येईपर्यंत केंद्रातली सगळ्यात गार जागा उष्णकक्षच होती आणि धुळा दुपारचा तिथंच आडवा व्हायचा. शेवटी अश्लेषाबाईंनी उष्णकक्षाला कुलूप घातलं. वीस मेंढ्या बाहेर उन्हात, वीस मेंढ्या शीतकक्षात बावीस अंशांवर, आणि दोन महिने तुलना, असं ठरलं.

मेंढ्या बिराप्पा आणि हरणाबाई या नवरा-बायकोच्या. दोघंही साठीतले. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं चाललेलं घर, आता दोन एकर बाजरीही करतात. मी बिराप्पाला विचारलं, “एकूण मेंढ्या किती?”

“मोजत न्हाई,” तो म्हणाला.

“मोजत नाही म्हणजे? मग कळतं कसं?”

“बगतो.”

आणि खरंच तो नुसता बघायचा. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरताना हा एका बाजूला उभा राहणार, एकेकीच्या तोंडाकडं बघणार आणि म्हणणार, “सगळी हायती.” नाहीतर म्हणणार, “एक न्हाई.” आकडा म्हणून तोंडातून कधी निघायचा नाही. अशा माणसाशी माझ्यासारख्यानं व्यवहार करायचा तरी कसा?

तरी केला. करारनामा चौदा पानांचा होता. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मी पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. मधली पानं कुणीच वाचत नाही, मीही वाचली नव्हती.

हरणाबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, “भाऊसाहेब, शीतकक्षात जात्यात त्या वीस माउल्या हायती. माज्या आईनं लग्नात मला एक मेंढी दिल्ती, तिच्या वंशातल्या. बकरं कापताना आमी रडत न्हाई. पर ह्या मला माघारी पायजेत.”

“दोन महिने,” मी म्हणालो. “मग वीसच्या वीस परत.”

त्यांनी अंगठा उठवला. शब्द माझा होता, एवढं लक्षात ठेवा.

पंधरा दिवसांत प्रयोग उलटा झाला. बाहेरच्या वीस मेंढ्या बिराप्पाच्याच कळपात, त्रेचाळीस अंशांत एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून निवांत रवंथ करत होत्या. आतल्या वीस मेंढ्यांच्या डोक्यावर दोन एसी, पायाखाली रबरी गालिचा, समोर कापलेला हिरवा मका, आणि त्या धापा टाकत होत्या. मिनिटाला नव्वद श्वास. चाऱ्याला तोंड नाही. कॉर्टिसॉल बाहेरच्यांच्या चौपट. अश्लेषाबाईंना वाटलं यंत्र बिघडलं. ते तपासायला त्यांनी स्वतःचं रक्त घातलं, तर त्यांचा आकडा चाळीसच्या चाळीस मेंढ्यांपेक्षा वर आला.

“यंत्र बिघडलंय,” त्या म्हणाल्या.

मी आकडा लिहून घेतला. तीन वर्षांत धड घरी न गेलेल्या आणि दुपारच्या जेवणाला बिस्किटं खाणाऱ्या बाईचा आकडा मला बरोबरच वाटला होता. पण माझं काम नोंद करायचं.

त्यांनी एसी चोविसावर नेला, विसावर आणला. दिवे बदलले. एकदा बासरीचं संगीत लावलं, तेव्हा चंद्री नावाच्या मेंढीनं स्पीकरची वायर खाल्ली. पंधरा दिवसांत तिनं आवडीनं खाल्लेली ती एकच वस्तू. अश्लेषाबाई खुर्चीत बसून म्हणाल्या, “देवदत्तराव, माझी तीन वर्षं गेली.” मला वाईट वाटलं. आमची रश्मी असती तर एवढीच असती, असंही मनात आलं. आम्हाला मूलबाळ नाही, पण नाव ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई सहज म्हणून मेंढ्या बघायला आल्या. शीतकक्षाच्या काचेबाहेर उभ्या राहिल्या आणि जीभ टाळ्याला लावून ‘टर्रर्र’ असा काहीतरी आवाज केला. वीस माना एकदम वर झाल्या. चंद्री काचेला येऊन चिकटली. हरणाबाई काचेवर हात ठेवून तिच्याशी बोलत राहिल्या, काल बाजरीला पाणी दिलं, जावेचं पोट दुखतंय, असलंच काहीतरी. अश्लेषाबाई घड्याळ लावून श्वास मोजत होत्या. नव्वदवरून सत्तर, सत्तरवरून चाळीस, मग तीस. मेंढ्या मका खायला लागल्या.

“मावशी,” अश्लेषाबाई म्हणाल्या, “तुम्ही आत बसाल का? दोन महिने?”

“बसंन की. पर गार लय हाय. घोंगडं आणते.”

आता माझी पाळी आली. नियम स्पष्ट आहे. शीतकक्षात प्रवेश फक्त कर्मचारी किंवा प्रयोगातील प्राणी यांना. कर्मचारी करावं तर पद मंजूर नाही. मंजुरीला वर्ष लागतं. पाहुणा असा रकाना नाही. राहता राहिला एकच रकाना. मी दोन दिवस विचार केला, जेवताना, झोपताना, आणि मग शाईचं पेन उघडलं. मला सांगा, दुसरं काय करता येत होतं?

अर्ज भरायला हरणाबाई माझ्यासमोर बसल्या. लिंग, मादी. वय, साठीच्या आसपास. वजन मेंढीच्या काट्यावर केलं, बेचाळीस किलो. दात किती, विचारलं तर त्यांनी आ करून दाखवले, अकरा. आजवर किती वेतं झाली, हे मला विचारवेना, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, “चार. दोन जगली. लिवा.” ओळखीची खूण, कपाळावर गोंदण. सगळं झाल्यावर त्यांनी भरलेल्या अर्जावरून बोट फिरवलं.

“भाऊसाहेब,” म्हणाल्या, “एवढं मला आजपतूर कुणी इचारलं न्हवतं. वजन तर कुणीच न्हाई.”

कानात अडकवायचा पिवळा बिल्ला उरला होता. तो कसा द्यावा या विचारात मी होतो. त्यांनीच तो घेतला, उलटासुलटा पाहिला आणि कानाच्या वरच्या भोकात, बुगडीशेजारी, दोऱ्यानं बांधून टाकला. “भोक हाय की पयल्यापास्नं,” म्हणाल्या. बिल्ल्यावर आकडा होता एकवीस.

प्रयोग सुरळीत झाला. म्हणजे हरणाबाई मे महिन्यात घोंगडं पांघरून, कानटोपी घालून बसायच्या आणि मेंढ्या खायच्या. दिवसभर त्या आत, रात्रीही आत. संगणकाला रिकामी रांग चालत नव्हती, म्हणून अश्लेषाबाई रोज क्रमांक एकवीसचाही ताप, श्वास, नाडी भरायच्या. चाऱ्याचं मंजूर प्रमाण दर प्राण्यामागं दीड किलो मका आणि मूठभर पेंड. एकविसावा वाटा मी काटेकोरपणे हरणाबाईंसमोर ठेवायचो आणि त्या तो चंद्रीला घालायच्या. लसीकरणाचा माणूस आला, यादी बघितली, वीस सुया टोचल्या आणि एकविसाव्यापाशी गोंधळून उभा राहिला. हरणाबाईंनी दंड पुढं केला. तो पळून गेला. नोंदीत मी लिहिलं, क्र. २१, लसीस तयार, लसकर्ता तयार नाही.

अडचण झाली ती बिराप्पाची. तो रोज संध्याकाळी आपला उरलेला कळप कुंपणात घालायचा, तोंडं बघायचा आणि म्हणायचा, “एक न्हाई.”

“वीस नाहीत,” मी त्याला दुरुस्त केलं.

“त्या वीस हितं हायती ते ठावं हाय. मी एक न्हाई म्हंतोय.”

आणि रोज दुपारी तो काचेपाशी यायचा. प्राण्यांना भेटण्याची वेळ चार ते पाच होती. दोघं काचेच्या दोन बाजूंना बसून राहायचे. बाहेरून तो घामानं निथळत असायचा, आतून त्या कुडकुडत असायच्या. एकदा त्यानं मला विचारलं, “आमची बायकू कवा सोडणार?” मी म्हणालो, प्रयोग संपल्यावर, सगळ्यांबरोबर.

प्रयोग संपत आला आणि समितीचं पत्र आलं. ही समिती लांबच्या शहरात बसते, तिचे पाच सभासद आहेत आणि प्राण्यांशी कसं वागावं हे ती ठरवते. पत्रात लिहिलं होतं की करारनाम्याच्या अकराव्या पानाप्रमाणे प्रयोगाचा अखेरचा टप्पा मंजूर करण्यात येत आहे. शीतगटातील सर्व प्राणी, क्रमांक एक ते एकवीस, यांचा नियमानुसार वध करून मूत्रपिंडावरील ग्रंथींचं, म्हणजे जिथं ते कॉर्टिसॉल तयार होतं त्यांचं, वजन घ्यावं. गट अपूर्ण ठेवू नये. सोबत मी पाठवलेली यादी जोडली होती. शेवटची ओळ होती, हरणाबाई, मादी, बेचाळीस किलो, दात अकरा. खाली पाच सह्या होत्या.

मी अकरावं पान पहिल्यांदाच उघडलं. सगळं तिथं होतं.

अश्लेषाबाईंनी पत्र वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “एकवीस नंबर खोडा,” म्हणाल्या.

“शाईची नोंद आहे. खोडायला समितीची बैठक लागते. बैठक ऑगस्टमध्ये.”

“आणि बाकीच्या वीस?” मीच विचारलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. “ते पान मीच लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांपूर्वी, सांगलीत, घरात बसून. तेव्हा मला एकाही मेंढीचं नाव माहीत नव्हतं. ग्रंथींचं वजन नसेल तर माझं काम अर्धं राहतं, देवदत्तराव. अर्धं काम कुणी छापत नाही. मग पुढची नेमणूकही नाही.”

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. पहिलं आणि शेवटचं पान वाचणारा मी, वीसच्या वीस परत म्हणणारा मी. दुपारी मी शीतकक्षात गेलो, रबरी गालिच्यावर बसलो आणि हरणाबाईंना चौदाच्या चौदा पानं वाचून दाखवली. अकरावं पानसुद्धा गाळलं नाही. मग पत्र वाचलं.

त्या चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तो थांबला नाही. “तुमी म्हनला व्हता, माघारी.”

“म्हणालो होतो.”

“आन् माजं नाव हाय का त्यात?”

“आहे. एकविसावं.”

“बरं झालं,” हरणाबाई म्हणाल्या. एवढंच.

ठरलेल्या दिवशी सकाळी समितीनं पाठवलेला डॉक्टर आला. त्याच्याजवळ सुऱ्यांची पेटी होती आणि ग्रॅममध्ये वजन करणारा एक नाजूक काटा होता. बिराप्पा फाटकाबाहेर उभा होता. धुळा त्याला आत सोडत नव्हता, चार वाजले नव्हते. मेंढ्या ओळीनं व्हरांड्यात आणल्या. ओळीच्या पुढं हरणाबाई होत्या. आंघोळ केलेली, नवं हिरवं लुगडं, कानात बुगडी आणि पिवळा बिल्ला. त्या टेबलापाशी खाली बसल्या.

“घ्या,” म्हणाल्या. “पर उलटं घ्या. एकवीसपास्नं.”

डॉक्टरनं यादी बघितली, बाईंकडं बघितलं, परत यादी बघितली. “ही तर बाई आहे.”

“कागदावर काय हाय ते वाचा,” हरणाबाई म्हणाल्या. “आदी मला मारा, मंग माज्या माउल्यांना हात लावा. गट अपुरा ठिवू नगा असं लिवलंय म्हनं.”

डॉक्टर समंजस होता. समंजस माणसांची मला फार भीती वाटते. त्यानं अश्लेषाबाईंना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, तरी मला ऐकू आलं. “मॅडम, सोपं आहे. मी लिहितो की क्रमांक एकवीस प्रयोगाआधीच नैसर्गिकरीत्या मृत. तुम्ही खाली सही करा. मग गट वीसचा, पूर्ण. दुपारपर्यंत वजनं तुमच्या हातात.”

त्यानं ते लिहूनही टाकलं. पेन अश्लेषाबाईंच्या हातात दिलं. त्यांची तीन वर्षं त्या एका सहीवर होती, आणि ते मला दिसत होतं, डॉक्टरला दिसत होतं, हरणाबाईंनाही दिसत असावं. कारण त्या म्हणाल्या, “कर की सही, पोरी. मेलेली तर मेलेली. पर मी उटनार न्हाई हितनं.”

अश्लेषाबाईंनी पेन तसंच धरलं. मग सवयीनं, अगदी सवयीनंच, त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातलं घड्याळ काढलं आणि हरणाबाईंच्या छातीकडं बघत मोजायला लागल्या. मिनिट भरलं. “चव्वेचाळीस,” त्या म्हणाल्या. रोज अठरा असायचे. मग चंद्रीचे मोजले. एकशे दहा. सगळ्या मेंढ्या हरणाबाईंकडं बघत होत्या आणि सगळ्यांची पोटं भात्यासारखी हलत होती. सावलीतलं तापमान एकोणतीस होतं, सकाळची वेळ.

त्यांनी डॉक्टरचा कागद बाजूला सारला आणि रोजचा तक्ता ओढला. क्रमांक एक ते एकवीस, सगळ्यांपुढं ताणाच्या रकान्यात लिहिलं, ‘अतिशय’. कारणाचा रकाना दोन महिने रिकामाच राहिला होता, तो त्यांनी भरला. लिहिलं, ‘आम्ही’. खाली सही केली. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, प्रकल्प रद्द, आणि परत सही केली. त्या रडत होत्या, पण अक्षर चांगलं आलं होतं.

डॉक्टर पेटी आवरून गेला. जाताना शेऱ्याच्या जागी लिहून गेला, क्र. २१ बोलतो, सबब वधास अयोग्य.

मी लगेच जावक पावती केली. एकवीस नग, मूळ मालकास परत. दिलेला शब्द असा कागदावर उतरला की मला बरं वाटतं. मेंढ्या फाटकाकडं निघाल्या. पुढं हरणाबाई, मागं वीस, आणि सगळ्यांच्या मागं अश्लेषाबाई, कुठं जायचं ते न कळल्यासारख्या, हातात घड्याळ तसंच.

फाटकापाशी हरणाबाई वळल्या आणि त्यांनी बाईंचं मनगट पकडलं. “चल. भाकरी खाऊन घे आदी. दोन म्हैनं बगतीया, समद्यात जास्त धाप तुलाच लागतीया.”

धुळानं काठी आडवी घातली. “मॅडमचा पास प्रकल्पापुरता व्हता. प्रकल्प रद्द झाला, आता त्या कर्मचारी न्हाईत. पावतीवर एकवीस हायती. मी एकवीस सोडनार.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला मीच शिकवलंय. अश्लेषाबाई तिथंच थांबल्या. त्यांच्याकडं पास नव्हता, नोकरी नव्हती, आणि मनगट हरणाबाईंच्या हातात होतं. मी पावती काठीवर टेकवली, पेन उघडलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा खाडाखोड केली. एकवीसचे बावीस केले. शेजारी आद्याक्षरं टाकली.

बाहेर बिराप्पा नेहमीसारखा एका बाजूला उभा होता. मी पावती पुढं केली, “मोजून घे.” त्यानं पावतीकडं पाहिलंही नाही. एकेक मेंढी समोरून गेली, तशी तो तिच्या तोंडाकडं बघत गेला. चंद्री गेली. हरणाबाई आल्या, त्यांच्याकडं त्यानं जरा जास्त वेळ बघितलं. मग अश्लेषाबाई आल्या. उन्हात डोळे बारीक करून, रडून लाल झालेलं नाक घेऊन त्या उभ्या राहिल्या. त्यांच्याही तोंडाकडं तो तसाच, सावकाश, बघत राहिला.

“सगळी हायती,” बिराप्पा म्हणाला.